ड्रॉइंग कुणाचं?



या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका घरी आली, ती आधी माझ्या बायकोनं वाचली आणि ती हसत सुटली. फोनवर विषय विचारला तेव्हा मी संयोजकांना सांगितलं होतं, ‘इंडस्ट्रियल डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण’. पत्रिकेवर छापून आलंय, ‘औद्योगिक नक्षीकाम : उच्च शिक्षण’. संयोजक आता मान खाली घालून बसलेत, पण त्यांनी संकोच करू नये. आपल्या भाषेत डिझाइन हा शब्द आला तो साडीच्या काठावरून, मेंदीवरून आणि खिडकीच्या ग्रिलवरून. ‘नवीन डिझाइन दाखवा’ असं आपण कापडवाल्याला म्हणतो, पंप विकणाऱ्याला म्हणत नाही. आणि कायदाही संयोजकांच्याच बाजूनं आहे. २००० सालचा आपला डिझाइनचा कायदा वस्तूच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला दहा वर्षं संरक्षण देतो, अर्ज केला तर आणखी पाच. वस्तू चालते कशी, हा भाग त्यानं मुद्दाम बाहेर ठेवलाय. तेव्हा कायद्याच्या लेखी नक्षीकाम म्हटलं तरी फारसं बिघडत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर तंत्रनिकेतनात आम्हाला फिटिंग शिकवायचे. पोलादाचा एक चौकोनी ठोकळा, एक कानस आणि एक गुण्या. ठोकळा सहाही बाजूंनी काटकोनात आणायचा, बस. गुण्या लावून ते ठोकळा खिडकीकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला की काही न बोलता ठोकळा परत हातात. मी सात वेळा परत घेतलाय. माझ्या हाताला जे काही वळण आहे ते त्या सात वेळांचं. पण सरांचं एक वाक्य मला पुढं फार वर्षं छळत राहिलं. ते म्हणायचे, ‘ड्रॉइंगला प्रश्न विचारायचे नसतात.’

घरीही तेच होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचे तीन लेथ होते आणि एक म्हातारा शेपर. सगळं जॉबवर्क. पुण्याहून अमोनिया प्रिंट यायची, गुंडाळी उलगडली की नाक झोंबायचं. त्या कागदावर जे असेल ते शंभराच्या, हजाराच्या हिशेबानं करून द्यायचं. एक ब्रॅकेट तर वडील अकरा वर्षं करत होते. त्याला एका कडेला आठ मिलिमीटरचं भोक होतं. एकदा सुट्टीत मी त्यांना विचारलं, ‘दादा, हे भोक कशासाठी?’ त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून.’ ते ब्रॅकेट कुठल्या गाडीला लागतं हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना त्याची खंत नव्हती, माल कधी रिजेक्ट झाला नाही याचा अभिमान होता. मला मात्र ते भोक सोडेना.

आज मला बोलायचंय ते या भोकाविषयी. इंजिनिअरची पहिली पदवी आपल्याला ड्रॉइंग वाचायला आणि ते बिनचूक उतरवायला शिकवते. ते ड्रॉइंग येतं कुठून, ते काढण्याचा अधिकार कुणाचा आणि काढण्याआधी माणसानं कुठं कुठं जाऊन उभं राहायला हवं, हे शिकायला माझ्या वेळी दुसरी पदवी करावी लागायची. आता बारावीनंतर थेट डिझाइनला घेणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत पुष्कळ झाल्यात, चांगलं आहे. पण एक धंदा हातात मुरल्यावर दुसरा शिकताना जी मोडतोड होते ती मला मोलाची वाटते. माझी झालेली मोडतोडच सांगतो.

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी डिझाइनच्या पदव्युत्तर वर्गात गेलो. पहिल्या सत्रात काम मिळालं : स्वयंपाकघरातली एक वस्तू घ्या आणि पंधरा दिवस ती वापरणाऱ्याकडं बघा. पंधरा दिवस पेन्सिल उचलायची नाही. मी विळी घेतली. मुंबईत मावशीकडं राहत होतो, तिच्या नव्या फ्लॅटमध्ये कडाप्प्याचा ओटा आला होता आणि विळी ओट्याखाली गेली होती. गुडघे दुखतात म्हणून खाली बसणं बंद, आणि सुरीनं भाजी चिरणं तिला जमत नव्हतं. मला वाटलं, यात बघायचं काय? विळी ओट्यावर आणली की झालं. तिसऱ्याच दिवशी मी ड्रॉइंग काढलं. ओट्याच्या कडेला आवळायचा शिकंजा, त्यावर पातं, पात्याला संरक्षक पट्टी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करूनही आणली. गुण्या लावून बघितली, उजेड दिसत नव्हता.

ज्यूरीला वस्तू टेबलावर ठेवली. परीक्षकांनी ती उचललीसुद्धा नाही. एकानं विचारलं, ‘पाय कुठं गेला?’

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी जमिनीवर बसून दाखवलं. विळीचा पाट माणूस पायाखाली किंवा मांडीखाली दाबतो. म्हणजे विळी स्थिर राहते ती बसणाऱ्याच्या वजनानं. सुरी हलते आणि भाजी जागेवर राहते, विळीत पातं जागेवर आणि भाजी हलते. त्यामुळं दोन्ही हात भाजीला मोकळे. लाल भोपळ्यासारखं टणक प्रकरण दोन्ही हातांनी अंगाच्या जोरानं पात्यावर रेटता येतं. पात्याच्या टोकाशी खोवणी, ती नारळाच्या वाटीच्या आत गोल फिरते, आणि तिथं तर सगळं काम वजनावरच चालतं. मी पाय काढून घेतला आणि त्याच्या जागी स्क्रू बसवला. नारळ खोवायला घेतला की शिकंजा कडाप्प्यावरून सरकायचा, हे मला मावशीनं सांगितलं होतं. मी उत्तर दिलं होतं, ‘अजून आवळ.’

दुसरी गोष्ट तिनं सांगितली होती ती तर मी टिपूनही घेतली नव्हती. ती म्हणाली होती, ‘चांगली केलीस रे, पण भीती वाटते.’ खाली बसल्यावर पातं गुडघ्याच्या पातळीला असतं आणि माणूस त्याच्याकडं वरून बघतो. ओट्यावर उभं केलेलं तेच पातं पोटासमोर येतं. पोलाद तेच, धार तीच, बसण्याची उंची बदलली आणि अवजाराचं हत्यार झालं. माझ्या ड्रॉइंगमध्ये पात्याची जाडी होती, कोन होता, उष्णोपचारही लिहिलेला होता. माणूस मात्र कुठंच नव्हता.

(बाजारात ओट्यावर ठेवायच्या विळ्या आता मिळतात आणि लोक त्या वापरतात. माझीच वाईट होती, हे नमूद करून पुढं जातो.)

त्या विळीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. विळीचं ड्रॉइंग कधीच नव्हतं. लोहार पातं करायचा, सुतार पाट, आणि वापरणारी बाई दोन गल्ल्या पलीकडं. पातं बोथटलं, पाट डुगडुगला की वस्तू परत त्यांच्याकडं. प्रत्येक दुरुस्तीबरोबर थोडी सुधारणा होत गेली, शे-दोनशे वर्षं. करणारा आणि वापरणारा एका गावात असले की कागदाची गरज पडत नाही. कारखाना आला, माल हजारांनी निघायला लागला, बाई दोन गल्ल्यांवरून दोन जिल्ह्यांवर गेली, तेव्हा मधल्या अंतरात कुणीतरी उभं राहणं भाग झालं. तो माणूस म्हणजे इंडस्ट्रियल डिझायनर. त्याचं काम सुशोभनाचं नाही, गैरहजर असलेल्या त्या बाईच्या वतीनं कारखान्यात भांडायचं आहे.

हे काही मला एकट्याला सुचलेलं नाही. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दाम्पत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथं आलं. खर्च फोर्ड फाउंडेशनचा. देशभर हिंडून त्यांनी एक छोटा अहवाल दिला, आणि त्यात त्यांनी सर्वांत जास्त वाखाणलेली वस्तू होती लोटा. कुणा एकानं न काढलेली वस्तू. मग ते विचारत सुटले, असा लोटा आज कुणाला डिझाइन करायचा असेल तर त्यानं काय काय लक्षात घ्यावं? किती पाणी मावावं, हात केवढा, कमरेवर धरला तर तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, घासायला सोपा का, रिकामा असताना हाताला कसा लागेल. ते आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात मुक्कामाला असते तर लोट्याऐवजी विळीवर लिहून गेले असते, अशी माझी खात्री आहे. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, गौतम आणि गिरा साराभाईंच्या देखरेखीखाली.

दुसरा धागा जर्मनीतल्या उल्म गावाचा. महायुद्धानंतर तिथं १९५३ मध्ये एक डिझाइनचं विद्यालय सुरू झालं आणि १९६८ मध्ये बंदही पडलं. पंधरा वर्षांचं आयुष्य, पण जगभरच्या डिझाइन शिक्षणावर त्याचा ठसा आहे. शाळेकडं फर्निचरला पैसे नव्हते, म्हणून माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी १९५४ मध्ये एक स्टूल केलं. तीन फळ्या आणि खाली एक गोल दांडी. उभं ठेवा, आडवं ठेवा, बसण्याची उंची बदलते. उलटं करून दांडीला धरलं की पुस्तकं न्यायची टोपली. वर्गात बसायला तेच, टेबलावर ठेवून व्याख्यान द्यायलाही तेच. मी त्याची प्रतिकृती केलीय, दोन पोरांनी भांडून तिची एक फळी उचकटली, तरी ती उभी आहे. उल्मचा आग्रह असा की डिझायनर हा कलावंताच्या टोपीतला चित्रकार नाही. त्यानं गणित शिकावं, शरीरशास्त्र शिकावं, उत्पादनाची रीत शिकावी आणि इंजिनिअरशी त्याच्या भाषेत बोलावं.

सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि साठच्या दशकात या उल्मला गेले. परतल्यावर काही काळ अहमदाबादला आणि मग पवईला. १९६९ मध्ये मुंबई आयआयटीच्या आवारात इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं ते त्यांच्या पुढाकारानं. पवईचे लोक त्याला आयडीसी म्हणतात. हे केंद्र इंजिनिअरांच्या गोतावळ्यात काढलं आणि ते पदव्युत्तर ठेवलं, यातच सगळं आलं. विद्यार्थी आधी इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट होऊन यायचा, म्हणजे माझ्यासारखाच तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग काढणारा. त्याला दोन वर्षं थांबायला शिकवायचं. आता प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. सीड म्हणतात तिला. तिचा एक भाग संगणकावर असतो, दुसऱ्या भागात कागदावर हातानं चित्र काढावं लागतं. ‘सर, चित्रकला चांगली नाही, चालेल का?’ असं मला आठवड्याला एक तरी मुलगा विचारतो. चित्र सुंदर नको, बाबा. वाकलेला माणूस कुठून वाकलाय हे कागदावर दिसलं तर पुरे.

आता एका वस्तूकडं वळतो, जिला या सभागृहातल्या अठरा वर्षांवरच्या बहुतेक सगळ्यांनी बोट लावलंय. मतदान यंत्र. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवरून देशात जो वाद चालतो त्यात मी शिरणार नाही, माझा तो विषय नव्हे. मी बोलतोय ते बाहेरच्या पेटीविषयी. केरळात परावूर मतदारसंघात १९८२ मध्ये पन्नास केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. पुढं न्यायालयानं कायद्यात तशी तरतूदच नाही म्हणून ते मतदान रद्द ठरवलं, मग कायदा दुरुस्त झाला. त्या सुमारास यंत्राचं रूप ठरवण्याचं काम आयडीसीच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या दोन प्राध्यापकांनी केलं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ मतदारसंघांत ते पोचलं.

या कामात प्रश्न कुठले होते बघा. मतदार निरक्षर असू शकतो. त्यानं आयुष्यात कदाचित कुठल्याच यंत्राचं बटण दाबलेलं नसेल. आजवर तो शिक्का उचलून चिन्हावर मारत आलाय. म्हणून चिन्हाच्या समोरच, त्याच रांगेत, निळं बटण. दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा आणि मोठा बीप. दिवा मतदाराला, बीप खोलीतल्या सगळ्यांना. एका पेटीवर सोळा जागा, उमेदवार जास्त झाले तर पेटीला पेटी जोडायची. पेटीचे दोन भाग, मधे पाच मीटरची केबल. एक भाग आडोशाला मतदारापाशी, दुसरा अधिकाऱ्याच्या टेबलावर. आडोसा गुप्ततेसाठी आणि टेबल देखरेखीसाठी, दोन्ही एका केबलच्या लांबीत बसवलंय. अधिकाऱ्यानं त्याच्याकडचं बटण दाबल्याशिवाय मतदाराचं बटण चालत नाही. आणि निकालाचं बटण उघड्यावर नाही, झाकणाखाली आहे, झाकणावर मोहोर आहे. इलेक्ट्रॉनिक्सला मोहोर लागत नाही. मोहोर लागते टेबलाभोवती बसलेल्या चार पक्षांच्या पोलिंग एजंटांना, ज्यांना आतलं काही कळत नाही पण फाटलेला कागद कळतो. माझा मेकॅनिकलचा वर्ग ही पेटी वॉटरप्रूफ करून मोकळा झाला असता.

आयडीसीतल्या बाकी कामांची यादी मी वाचत नाही. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये निवडलं गेलं ते तिथल्याच डी. उदय कुमार या संशोधक विद्यार्थ्याचं. संगणकावर आपण ज्या ‘मंगल’ अक्षरात सरकारी पत्रं वाचतो ती र. कृ. जोशींची. तेही पवईला शिकवायचे. अक्षर हीही वस्तूच आहे, पण त्या वाटेला गेलो तर अध्यक्ष मला घड्याळ दाखवतील.

मग आमच्या उद्यमनगरचं काय? इथं मला थोडं टोचून बोलायचंय. महाराष्ट्रातल्या यंत्रधंद्याची सुरुवात ज्या माणसापासून सांगतात ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकायला जे. जे.मध्ये गेले होते. रंग नीट ओळखू येत नाहीत हे ध्यानात आलं, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि पुढं व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवायला लागले. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलचं दुकान काढलं, कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे, नांगर पडून राहिले. त्यातूनही ते टिकले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे सुरुवातीला ड्रॉइंग आपलं होतं. शिकवणारा, काढणारा, ओतणारा आणि शेतकऱ्याच्या दारात शिव्या खाणारा एकच माणूस.

पुढं धंदा शेकडो पटींनी वाढला आणि आम्ही बहुतेक सगळे दुसऱ्याचं ड्रॉइंग उतरवून देणारे झालो. शिरोलीची, गोकुळ शिरगावची, भोसरीची, सातपूरची कितीतरी वर्कशॉपं मी आतून बघितलीत. मायक्रॉनमध्ये काम करतात. पण मालकाला विचारा, तुमची स्वतःची वस्तू कुठली? तो कास्टिंग दाखवतो. ज्याची वस्तू नाही त्याला डिझायनरही लागत नाही, हे ओघानंच आलं. आणि डिझायनर? माझ्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींतली बरीचशी आता बंगळुरात मोबाइलच्या पडद्यावरची बटणं ठरवतात. त्यांना मी दोष देत नाही, तिथं पगार आहे, आणि पडद्यावर बोट ठेवणारा माणूसही माणूसच आहे. पण दोन वर्षं मातीत, प्लास्टरमध्ये, लाकडात हात घालून शिकलेल्या मुलीनं चार वर्षांत एकदाही फाउंड्रीची पायरी चढू नये, आणि फाउंड्रीनंही तिला एकदा बोलावू नये, याची मला चीड येते. आमच्याच एका विद्यार्थ्यानं एका कारखान्यात अर्ज केला, तर त्याला ब्रोशरचं काम दिलं. म्हणे, ‘डिझाइन केलंयस ना?’ पुन्हा नक्षीकाम.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो होतो. विळीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अरे, पण पातं तरी काटकोनात होतं ना?’ होतं म्हणालो. ‘मग ठीक.’ ते चेष्टा करत होते की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मागच्या महिन्यात शिरोलीहून एका मालकांचा फोन आला. स्वतःची कडबाकुट्टी काढायचीय म्हणाले, जॉबवर्कचा कंटाळा आला. मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. कडबाकुट्टीत बोटं, हात गेलेली माणसं तुम्हीही आपापल्या गावात बघितली असतील. पहाटे, अर्धवट उजेडात, झोपेत, ओला चारा हातानं पुढं रेटताना. मालक म्हणाले, ‘साहेब, बाजारातली चार मशिनं उघडून ठेवलीत, तुम्ही फक्त ड्रॉइंग द्या.’ मी म्हणालो, ड्रॉइंग मागाहून. आधी चार वेगवेगळ्या गोठ्यांत चार पहाटे जाऊन उभं राहतो. मशीन कोण चालवतं, म्हातारा, सून की शाळेला जायच्या आधी पोरगं, आणि चारा तोंडात अडकला की त्यांचा हात आधी कुठं जातो, ते बघतो.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग मालक म्हणाले, ‘ते खरं हो, पण चार दिस नुसतं हुबं ऱ्हायचं बिल कसं लावायचं?’

मी अजून त्यांना आकडा कळवलेला नाही. सोमवारी पहाटे साडेचारला पहिल्या गोठ्यावर जायचंय. संयोजकांना विनंती, आजचा परतीचा प्रवास जरा लवकर ठेवा.